फोर-व्हील टाकणाऱ्यानें तें काढावयासही शिकावें

पावसाळा लागला कीं ज्या संस्थांच्या वा शेतकऱ्यांच्या पदरीं चारी चाकांना जोर देणारी जुनी पिकअप गाडी आहे, त्यांच्या दारीं मागणी करणाऱ्यांची रीघ लागते. काळ्या रानांत चाकें रुतावीं, साधी गाडी बांधापाशींच थांबावी, आणि अशा वेळीं या गाडीनें शेतांत शिरून भाजीचीं क्रेटें घेऊन बाहेर यावें, हें दृश्य आतां नवें राहिलेलें नाहीं. तिचें कौतुक होतें तें योग्यच होतें. परंतु फोर-व्हील टाकावें केव्हां याची जितकी चर्चा गांवोगांव चालते, तिच्या दशांशानेंही तें काढावें केव्हां व कसें याची चालत नाहीं. आमचें मत असें कीं, या जुन्या गाड्यांच्या ट्रान्सफर केस चिखलांत कमी बिघडतात आणि चिखलांतून बाहेर पडल्यावर डांबरी सडकेवर अधिक बिघडतात. हें विधान कित्येकांस उफराटें वाटेल, म्हणून त्याची फोड करणें अवश्य आहे.

गिअरबॉक्समधून निघालेला जोर दोन वाटांनीं वांटून देणारी जी पेटी गाडीच्या पोटाखालीं असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. एक शाफ्ट मागच्या आंसाकडे जातो व दुसरा पुढच्या आंसाकडे. जुन्या पिकअपमध्यें दांडा टू-हायवर असला म्हणजे केवळ मागचा शाफ्ट ओढतो. फोर-हायवर ओढला म्हणजे पुढचा शाफ्टही दांतेदार कड्यानें मागच्याशीं घट्ट जखडला जातो. घट्ट हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कांहीं किंमतवान गाड्यांत पुढच्या व मागच्या आंसांमध्यें फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शिअल असतो व त्या गाड्या बारमाही चारी चाकांवर चालतात. त्यांना हा लेख लागू नाहीं. आपल्या शेतकऱ्यांच्या हातीं ज्या जुन्या गाड्या आहेत, त्यांत बहुधा तो नसतो. पुढचा शाफ्ट एक फेरा फिरला कीं मागच्यानेंही एकच फेरा फिरावा, न कमी न अधिक, अशी ही बांधणी आहे.

आतां गाडी वळवून पाहूं. आमचा जन्म मोजणीच्या साखळीशेजारीं गेला, तेव्हां आम्ही हें मोजूनच दाखवितों. पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर १० फूट धरा. शेताच्या कोपऱ्यावर गाडी अशी वळली कीं मागच्या आंसाचा मध्य १६ फूट त्रिज्येच्या वर्तुळावरून गेला. मग पुढच्या आंसाचा मध्य त्याच केंद्रापासून किती अंतरावरून जाईल? काटकोन त्रिकोण मांडावा : १६ चा वर्ग २५६, १० चा वर्ग १००, बेरीज ३५६, व तिचें मूळ सुमारें १८·९. म्हणजे पाव वर्तुळ वळतांना मागचीं चाकें सरासरीनें २५ फूट चालतात, आणि पुढचीं साडेएकोणतीस फुटांहून किंचित् अधिक. फरक साडेचार फुटांचा. चाकाचा घेर ७ फुटांच्या आसपास असतो, तेव्हां एका वळणांत पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षां अर्ध्या फेऱ्याहून अधिक फिरावयाचें असतें आणि शाफ्ट तर त्यांना समसमान फिरवूं पाहतो. हा अर्धा फेरा जावा कोठें?

चिखलांत तो घसरणींत जातो. एखादें चाक जरासें सरकतें, माती दबते, हिशेब मिटतो व कोणास पत्ताही लागत नाहीं. कोरड्या डांबरावर मात्र टायर सहसा सरकत नाहीं. तेथें हा अर्धा फेरा पीळ होऊन शाफ्टांत, दांत्यांत व आंसांत सांठत जातो. दुसऱ्या वळणावर आणखी सांठतो. स्टिअरिंग जड होतें, गाडी अडखळत उड्या मारल्यासारखी वळते, टायर कुरकुरतात. आणि ड्रायव्हर दांडा मागें ओढूं लागला तर तो हलत नाहीं, कारण जें कडें सरकावयाचें त्याच्या दांत्यांवर दोन्ही बाजूंनीं पीळ बसलेला असतो. गांठ ओढून धरली असतां ती सुटत नाहीं, सैल करावी लागते, हें दावणीची गांठ सोडणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

वळण नसलें तरी पीळ चढूं शकतो. मागें नवे टायर घातले व पुढें झिजलेले ठेवले, आणि दोहोंच्या उंचींत त्रिज्येमागें पाव इंचाचाच फरक असला, तरी घेरांत दीड इंचाहून किंचित् अधिक फरक पडतो. सरळ रस्त्यानें एक मैल गेल्यावर ही तूट जवळजवळ तीन साखळ्यांची, म्हणजे ९९ फुटांच्या घरांत जाते. म्हणून फोर-व्हील वापरणाऱ्यानें चारी टायर एका मापाचे व शक्य तों एका झिजेचे ठेवावे. मागच्या बाजूस भार म्हणून नवे टायर मागें, जुने पुढें, ही काटकसर साध्या गाडीस शोभते. या गाडीस ती महाग पडते.

दांडा अडकला तर काय करावें हें आम्ही सविस्तर सांगतों, कारण नेमका येथेंच हातोडा बाहेर निघतो. प्रथम गाडी थांबवावी. स्टिअरिंग सरळ करावें. रिव्हर्स गिअर टाकून सरळ रेषेंत दहा-पंधरा फूट अगदीं हळू मागें यावें, आणि येतांयेतां क्लच दाबून दांडा हातानें, केवळ हातानें, टू-हायकडे ओढावा. जोराची दिशा पालटतांच दांत्यांवरील ओझें क्षणभर नाहींसें होतें व बहुतेक वेळां दांडा खट्दिशीं सुटतो. न सुटल्यास ज्या वळणानें आलों त्याच वळणानें थोडें मागें जावें. चढलेला पीळ त्याच वाटेनें उतरतो. तरीही न सुटल्यास एका बाजूचीं दोन चाकें सडकेच्या कडेच्या मऊ मातींत घालून पुढेंमागें करावें. सर्वांत शेवटचा उपाय जॅकचा. मागच्या चाकांस दोहों बाजूंनीं दगड लावून, हँडब्रेक ओढून, पुढचें एक चाक जमिनीवरून उचलावें. मात्र चाक सुटतांच तें सांठलेल्या पिळानें झटक्यानें फिरण्याचा संभव असतो, म्हणून त्याजवळ हात वा पाय असूं नये, आणि पोरांस तर आसपासही उभें राहूं देऊं नये.

हें सर्व करण्याची पाळीच येऊं नये अशी रीत अगदीं सोपी आहे. रान संपून जेथें टणक वाट लागते, तेथें बांधावरच, गाडी सरळ व हळू चालत असतां, अॅक्सिलरेटरवरील पाय उचलून दांडा टू-हायवर घ्यावा. सडकेवर चढून मग काढूं, हा विचार करूं नये. जो चिखलांत जाण्यापूर्वीं फोर-व्हील टाकतो व बांधावर काढतो, त्याचा दांडा अडकल्याचें आम्हीं अद्याप ऐकिलें नाहीं.

या विषयांत गांवांत तीन मतें चालतात व तिन्ही आम्हांस मान्य नाहींत.

पहिलें मत असें कीं, पावसांत डांबरीवरही फोर-व्हील ठेवावें, पकड चांगली राहते. या मतांत अर्धें सत्य आहे, व तेवढ्यानेंच तें पसरलें आहे. चढ चढतांना वा चिखलाचा थर बसलेल्या सडकेवर चारी चाकांचा जोर उपयोगी पडतो, हें खरें. परंतु थांबण्याच्या कामीं त्याचा उपयोग नाहीं. ब्रेक दोन्ही स्थितींत चारी चाकांनाच लागतात. वळतांना तर पुढचीं व मागचीं चाकें एकमेकांस जखडलेलीं असल्यामुळें गाडी सरळ जाऊं पाहते व वळणाबाहेर ढकलली जाते. ओल्या घाटांत जोर अधिक आहे म्हणून वेग अधिक ठेवणाऱ्या ड्रायव्हरची ही समजूत दूर करणें हें त्याच्याशेजारीं बसणाऱ्या मालधन्याच्याही हिताचें आहे.

दुसरें मत कित्येक मिस्त्र्यांचें. ते म्हणतात, पुढचा शाफ्टच काढून ठेवा; डिझेल वांचेल व कटकट जाईल. अशा रीतीनें उघडी पडलेलीं पुढचीं आंसें असलेल्या गाड्या आम्हीं बाजारसमितीच्या आवारांत पाहिल्या आहेत. शेतकऱ्यानें अधिक दाम मोजून जी शक्ति घेतली, ती काढून परसांत गंजत ठेवणें यापरतें नुकसान कोणतें? आषाढांत ती लागते तेव्हां शाफ्ट सांपडत नाहीं आणि सांपडला तर त्याचे जॉइंट गंजलेले असतात. डिझेलची खरी बचत करण्याचा उपाय दुसरा आहे व तो पुष्कळ जुन्या गाड्यांत चाकाच्या मध्यभागींच बसविलेला असतो. महायुद्धानंतर अमेरिकेंत सैन्याच्या जुन्या जीपगाड्या शेतकऱ्यांच्या हातीं आल्या, तेव्हां त्यांचा पुढचा आंस सडकेवर विनाकारण फिरत असे. तो चाकापासून सोडविणारी हब बनविण्यासाठींच १९४८ सालीं तेथें वॉर्न नांवाचा कारखाना निघाला. हबवरील चकती फ्रीकडे फिरविली कीं चाक मोकळें होतें आणि पुढचा आंस, डिफरन्शिअल व शाफ्ट स्वस्थ राहतात. जें काम मिस्त्री पाना घेऊन अर्ध्या दिवसांत करतो, तें येथें दोन बोटांनीं होतें.

यांत क्रम मात्र चुकूं नये. आधीं दांडा टू-हायवर, मग गाडी थांबवून खालीं उतरून दोन्ही हब फ्रीवर. एक हब लॉक व एक फ्री असें कधींही ठेवूं नये. कांहीं गाड्यांत आपोआप सुटणारे हब असतात. त्यांना दांडा काढल्यावर कांहीं फूट सरळ मागें यावें लागतें, तेव्हां ते सुटतात. इतकें न केल्यामुळें फोर-व्हील निघालें नाहीं अशी तक्रार घेऊन गॅरेज गांठणारे आहेत. आणखी कांहींत पुढचा आंस जोडण्यासोडण्याचें काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवर रबरी नळीनें होतें. ती नळी तडकली किंवा उंदरानें कुरतडली म्हणजे दांडा निघूनही आंस सुटत नाहीं. समोरच्या दिव्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. टणक अंगणांत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी दोन हात चालवावी. ती मोकळी वळली तर सुटली, अडखळली तर नाहीं.

तिसरें मत ड्रायव्हराच्या माथीं सर्व खापर फोडणाऱ्यांचें, आणि हा लेख लिहिण्यास मुख्यतः तेंच कारण झालें आहे. आमच्या माहितींतील एका संस्थेच्या ड्रायव्हरानें गेल्या पावसाळ्यांत सभासदांचा टोमॅटो रानांतून काढून थेट बाजारापर्यंत फोर-व्हीलवरच नेला. आवारांतील अरुंद वळणावर गाडी अडली, दांडा निघेना, तेव्हां बरोबरच्या माणसानें चाकाच्या पान्यानें दांड्यावर घाव घातले. आंतील फोर्क वांकला व कड्याचे दांत गेले. ऐन तोडणींत गाडी कित्येक दिवस उभी राहिली आणि सभासदांनीं भाड्याच्या गाड्यांस मागेल तें भाडें दिलें. त्यांचा संताप आम्ही समजूं शकतों. पण पंचांनीं ठराव केला तो असा कीं, दुरुस्तीचा खर्च ड्रायव्हराच्या पगारांतून हप्त्यांनीं कापावा. हा ठराव आम्हांस अन्यायाचा वाटतो.

त्या तरुणास कोणी काय शिकविलें होतें? परवाना देणाऱ्या कचेरींत ट्रान्सफर केसविषयीं त्यास प्रश्न झाला नव्हता. गाडी संस्थेनें जुनी घेतली, तिजबरोबर पुस्तक आलें नाहीं, आलें असतें तरी तें मराठींत नसतें. ज्या पंचांनीं ठरावावर सह्या केल्या, त्यांतील किती जणांस टू-हाय व फोर-हाय यांतला भेद सांगतां आला असता? महसुली खात्यांत आम्हीं उमेदीचीं वर्षें काढलीं. तलाठ्याच्या हातीं नवा नमुना दिला म्हणजे तो कसा भरावा याच्या सूचना त्याबरोबर जात, आणि न जातां चूक झाली तर जबाब सूचना न देणाऱ्यासही विचारला जाई. माल भरून देणाऱ्यानें यंत्र दिलें पण यंत्राची रीत दिली नाहीं, तर नुकसानीचा वांटाही त्यानें उचलावा, असें आम्ही म्हणतों. पान्यानें घाव घालणें ही चूकच. पण ती अज्ञानाची चूक आहे, हरामखोरीची नव्हे. डिझेल चोरणारा व दांडा ठोकणारा यांस एकाच मापानें मोजूं नये.

याहून गंभीर एक गोष्ट आहे व तिच्याविषयीं गांवांत फारसें बोलणें होत नाहीं. पुष्कळ ट्रान्सफर केसमध्यें फोर-हाय व फोर-लो यांच्या दरम्यान न्यूट्रल असतें. फोर-लो म्हणजे तोच जोर दोन-अडीच पट करून कमी वेगानें देणारी स्थिति. रुतलेली गाडी काढण्यास ती उत्तम. ती टाकतांना व काढतांना गाडी पूर्ण थांबवावी, वा केवळ सरपटत ठेवावी. परंतु काढतांना दांडा अर्ध्यावर, म्हणजे न्यूट्रलमध्यें राहिला, तर इंजिन व चाकें यांचा संबंधच तुटतो. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्यें ठेवून निर्धास्त उतरणाऱ्या माणसास हें ठाऊक नसतें. गिअर टाकलेला असूनही ती गाडी निघते. खालीं बहुधा माल भरणारे मजूर असतात, आणि त्यांत बायका अधिक. डोंगराळ तालुक्यांत तर फोर-लोला हात घालण्यापूर्वीं हँडब्रेक ओढावा आणि चाकाखालीं दगड द्यावा; दांडा पूर्ण बसला हें क्लच सोडून पाहिल्यावांचून दगड काढूं नये. दांडा मोडला तर पैसा जातो, येथें माणूस जाईल.

देखभालीचें थोडक्यांत सांगतों. ट्रान्सफर केसचें तेल इंजिनाच्या तेलाहून निराळें असतें व तें कोणी पाहत नाहीं. ओढ्यांतून गाडी गेली असल्यास झांकण काढून पाहावें. तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें, तें तत्काळ बदलावें. उन्हाळ्यांतही महिन्यांतून एकदां मऊ वाटेवर फोर-व्हील टाकून फर्लांगभर चालवावी व काढावी, म्हणजे दांड्याचे सांधे गंजून बसत नाहींत. पोळ्याला बैलांची शिंगें रंगविणारे आपण लोक. गाडीच्या टपास झेंडूची माळ घालतों, मग तिच्या पोटाखालीं वर्षांतून एकदां तरी वांकून पाहण्यास काय हरकत आहे?

येथें एक आक्षेप येईल कीं, पाणंदी नीट असत्या तर फोर-व्हीलची गरजच कोणास पडली असती? आक्षेप खरा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ यांतील कलम ५ अन्वयें अडविलेली वाट मोकळी करून मागतां येते, व महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यांतील कलम १४३ अन्वयें बांधावरून वाट मागतां येते. या अर्जांच्या चळती आम्हीं स्वतः आवक-बारनिशींत चढविल्या आहेत, आणि एकेका हातभर वाटेपायीं सख्खे भाऊ कचेरीच्या पायरीवर पाठी फिरवून बसलेले पाहिले आहेत. ज्यांची वाट अडली असेल त्यांनीं अर्ज अवश्य करावा. परंतु निकाल लागून, मुरूम पडून, वाट टणक होईपर्यंत टोमॅटो थांबत नाहीं, तोंवर गाडीच सांभाळावी लागेल.

आतां संस्थांनीं काय करावें? गाडीच्या फेरींची नोंदवही बहुतेक संस्थांत असते. तींत किलोमीटर, डिझेल, मालधनी एवढेच रकाने असतात. त्यांत आणखी दोन रकाने आंखावे : फोर-व्हील कोठें टाकलें, व कोठें काढलें. ड्रायव्हरानें ठिकाण लिहावें, जसें ‘अमक्याचा बांध’. काढल्याचा रकाना कोरा ठेवून गाडी सडकेनें आली तर चिटणीसानें त्याच दिवशीं विचारावें, महिनाअखेर नव्हे. समोरच्या कांचेखालीं मराठींत चार ओळींचा कागद चिकटवावा : बांधावर काढा, अडकल्यास सरळ मागें या, ठोकूं नका, उतारावर दगड द्या. हंगामापूर्वीं एक दिवस ड्रायव्हर व त्याचा बदली माणूस या दोघांस जाणत्या मिस्त्र्याकडे पाठवावें आणि त्या दिवसाचा पगार कापूं नये. जे वैयक्तिक शेतकरी जुनी पिकअप विकत घेऊं पाहतात, त्यांनींही सौदा ठरण्यापूर्वीं मऊ मातींत फोर-व्हील टाकवून व काढवून पाहावें, हब फिरतात कीं रंगानें चिकटले आहेत तें पाहावें, चारी टायरांवरील आंकडे जुळवावे, आणि पुढचा शाफ्ट जागेवर आहे काय हें खालीं वांकून पाहावें. विकणारा ‘काढून ठेवला आहे, घरीं आहे’ असें म्हणाला तर तो हातीं पडेपर्यंत इसार देऊं नये.

वर सांगितलेल्या ड्रायव्हराच्या कपातीचा ठराव फिरवावा अशी सूचना आम्हीं त्या संस्थेचे सभासद या नात्यानें लेखी दिली आहे. येत्या वार्षिक सभेंत ती विषयपत्रिकेवर घ्यावी व तिजबरोबरच नोंदवहीच्या दोन रकान्यांचाही विचार व्हावा, एवढीच त्यांत मागणी आहे. ज्या सभासदांस अनुमोदन द्यावयाचें असेल त्यांनीं सभेपूर्वीं चिटणीसांकडे आपली सही द्यावी.